बाळंतशेपेची पुडी

बाळंतशेप बाई स्वतःसाठी विकत आणत नाही. ती आणायला तिची आई जाते, सासू जाते, नाहीतर घाईघाईनं मोटारसायकल उभी करून भाऊ दुकानात शिरतो. वडीगोद्रीसारख्या गावात किराणा दुकानाच्या फळीवर डिंक, खारीक, अळीव, सुंठ आणि ओवा यांच्या रांगेत एका बरणीत ती असते. एरवी त्या बरणीकडे कुणी बघत नाही. पण गिऱ्हाइकानं खोबऱ्याच्या वाट्या, डिंक, ओवा आणि 'बाळंतशोप' एका दमात मागितली की दुकानदाराला बातमी कळते. "काय झालं?" एवढंच तो विचारतो. उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न येतो, "बाळातीण बरी हाय ना?" मग शेप तराजूत पडते आणि पुडी बांधली जाते.

वडीगोद्री हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघालं की पाचोड मागं पडतं, मग वडीगोद्री येतं आणि पुढं शहागडला गोदावरी लागते. जालना-अंबडकडून आलेला रस्ताही इथंच महामार्गाला मिळतो. अशा रस्त्यावरच्या ढाब्यांत जेवण झालं की ट्रकवाला गल्ल्याजवळच्या वाटीतली चिमूटभर बडीशेप आणि खडीसाखर तोंडात टाकतो आणि पुढच्या मुक्कामाला लागतो. बडीशेप अशी रस्त्यावरची, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची. बाळंतशेप तिची सख्खी नसली तरी कुळातली बहीण. ती मात्र घराच्या आतल्या खोलीत जाते आणि सव्वा महिना तिथंच राहते.

दोघी दिसायलाही वेगळ्या. बडीशेप हिरवट, भरलेली, दाताखाली गोड लागणारी. बाळंतशेप तपकिरी, चपटी, कडेला फिकट झालर असलेली आणि चवीला किंचित कडवट. तिचा वास उग्र असतो, आणि ज्यानं लहानपणी ताटातली शेपूची भाजी बाजूला सारली आहे त्याला तो लगेच ओळखू येतो. कारण बाळंतशेप म्हणजे शेपूचंच बी. भाजीसाठी शेपू कोवळी असताना उपटतात. तशीच राहू दिली तर ती कमरेएवढी वाढते, छत्रीच्या काड्यांसारखा पिवळा फुलोरा धरते आणि त्यावर हे दाणे येतात. जिरं, धने, ओवा, बडीशेप, गाजर ही सगळी याच छत्रीवाल्या कुळातली.

जालन्याला बियाण्यांचं शहर म्हणतात, ते खरंच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथं महिको कंपनी काढली. त्यांची सुरुवात 'पुसा सावनी' भेंडीच्या बियाण्यापासून झाली होती आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या जिल्ह्यातला शेतकरी मृगाच्या तोंडावर कपाशीचं पाकीट घेताना वाण विचारतो, उगवण विचारतो, पावती जपून ठेवतो. बाळंतशेपेच्या पुडीवर काहीच छापलेलं नसतं आणि ती उगवेल का, असं कुणी विचारत नाही. तिच्याकडून मागणं वेगळं असतं. ती तव्यावर भाजायची, चावून रस गिळायचा, पाण्यात उकळायची, निखाऱ्यावर टाकायची. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं तर ते बीही नव्हे, फळ आहे; पिकलं की उभं दुभंगून त्याचे दोन दाणे होतात. प्रत्येक दाण्याच्या सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात, साधारणपणे पाठीवर चार आणि पोटाकडे दोन. दाणा दाताखाली फुटला किंवा तापला की नळ्या उघडतात आणि खोलीभर वास पसरतो. शेपेच्या तेलात मुख्यतः कार्व्होन असतं, बडीशेपेच्या तेलात ॲनेथोल, ओव्याच्या तेलात थायमॉल. ओव्याचं फूल म्हणून दुकानात जे पांढरे खडे मिळतात, ते हे थायमॉलच.

घरात मात्र ही नावं कुणाला लागत नाहीत. तिथं एकच शब्द चालतो: उष्ण. शेप उष्ण, ओवा उष्ण, सुंठ उष्ण, डिंक उष्ण. बाळंतपणात अंगातली ऊब निघून जाते, अंगात वारं शिरतं, आणि ती ऊब बाहेरून परत भरावी लागते, अशी ही समजूत आहे. वडीगोद्रीतल्या आजीला हे कुणी शिकवलेलं नसतं. तिनं ते तिच्या आजीकडून घेतलेलं असतं. पण हाच विचार, जवळजवळ याच शब्दांत, हिमालयापलीकडेही गेली हजारेक वर्षं चालत आला आहे.

चिनी वैद्यकात बडीशेपेला श्याव ह्वेश्यांग म्हणतात, म्हणजे लहान ह्वेश्यांग. मोठी ह्वेश्यांग म्हणजे आपलं चक्रीफूल. तांग राजवटीत ६५९ साली तयार झालेल्या सरकारी औषधीकोशात बडीशेपेची नोंद आहे. पुढं ली शिझेन या वैद्यानं आपल्या प्रचंड निघंटूत तिचं वर्णन केलं. तो ग्रंथ १५७८ मध्ये लिहून झाला आणि १५९६ मध्ये छापला गेला. नावाची एक जुनी व्युत्पत्ती तिथं सांगतात: वास मारणाऱ्या मांसात हे दाणे टाकले की गेलेला सुवास परत येतो, म्हणून ती 'परतलेला सुगंध'. वैद्य तिचे गुण सांगतात ते असे: चव तिखट, प्रकृती उष्ण, थंडी घालवते, पोटातला वायू मोकळा करते. ओटीपोटातली थंडीनं येणारी कळ, अंडकोशाचं आणि जांघेतलं दुखणं, पाळीच्या वेळची पोटदुखी यांवर ती देतात. द्यायच्या आधी बऱ्याचदा दाणे मिठाच्या पाण्यात मुरवतात आणि कढईत मंद आचेवर किंचित पिवळे होईपर्यंत परततात. मीठ औषधाला मूत्रपिंडाकडे घेऊन जातं, अशी त्यांची धारणा. हेच दाणे गरम करून कापडात बांधून पोट शेकायलाही वापरतात.

हे वाचताना मराठी माणसाला स्वयंपाकघरातला तवाच आठवेल. बाळाचं पोट दुखतंय, ते पाय पोटाशी घेऊन रडतंय, आणि आजी ओवा तव्यावर टाकून धोतराच्या जुन्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधते. आधी ती स्वतःच्या गालाला लावून बघते, मग बाळाच्या पोटाला. तिकडं बडीशेप आणि मीठ, इकडं ओवा. कापड, तवा आणि गालाला लावून बघणारा हात मात्र कुठल्याही देशातला असू शकतो.

शब्दांचीही अशीच गाठ पडते. शेपेला चिनी भाषेत शीलो म्हणतात. बर्थोल्ड लाउफर या प्राच्यविद्या अभ्यासकानं १९१९ च्या 'सायनो-इरानिका' या ग्रंथात दाखवलं की हा शब्द मूळचा चिनी नाही. इराणी भाषेतला जीरा, संस्कृतातला जीर, तोच चीनमध्ये जाऊन शीलो झाला. म्हणजे आपलं जिरं नाव घेऊन निघालं आणि तिकडं पोचल्यावर ते नाव शेपेला चिकटलं. व्यापाऱ्याच्या गोणीत एकसारखे दिसणारे दाणे, विकणाऱ्याची भाषा घेणाऱ्याला येत नाही, अशा बाजारात असं होणारच. वडीगोद्रीपासून पैठण फार लांब नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, यांची नावं आहेत: पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं, आणि त्याच भडोचच्या बंदरात चिनी रेशीमही यायचं. गोदाकाठची माणसं आणि चिनी माल त्या काळीही एका बाजारात भेटत होते.

आणि आपल्याकडचं लेखी काय? बाळंतपण आणि बालरोग हाच ज्याचा विषय आहे त्या काश्यपसंहितेत शतपुष्पा आणि शतावरी या दोघींसाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. शतपुष्पा म्हणजे शेप. तिथंही ती उष्ण आहे, वात शमवणारी आहे, बाईला बळ देणारी आहे. ही संहिता बराच काळ नजरेआड होती. नेपाळमधल्या ताडपत्रावरच्या एका अपुऱ्या पोथीवरून पंडित हेमराज शर्मा यांनी ती सिद्ध केली आणि १९३८ मध्ये ती छापून आली. तोवर वैद्यांच्या हातात ते पान नव्हतं, पण बाळंतिणीच्या हातातली चिमूट थांबलेली नव्हती. ग्रंथ हरवतो तेव्हा बायका तो कसा सांभाळतात, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधूनही सापडायचं नाही.

एक गंमत इथं नोंदवावीशी वाटते. चिनी वैद्य ज्या बडीशेपेला उष्ण म्हणतो, तीच आपल्या घरांत थंड समजली जाते. वैशाखात बडीशेप आणि खडीसाखर रात्रभर भिजवून सकाळी ते पाणी पितात. अंगाची लाही कमी होते म्हणतात. दाणा तोच, तेल तेच. तिकडं मीठ लावून परतली की उष्ण, इकडं साखरेबरोबर भिजवली की थंड. मग उष्ण-थंड हे दाण्याच्या पोटात असतं की त्याला लागलेल्या हातात? या लेखापुरतं उत्तर असं की, बरंचसं हातात.

त्यासाठी बाळंतिणीची खोली बघावी लागते. दार लोटलेलं, बाज भिंतीशी, बाजेखाली कधी शेगडी. बाळ आणि बाळंतीण दोघांनाही तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घातलेलं, तिचे कान फडक्यानं बांधलेले, पोट घट्ट आवळलेलं. ताटात बाजरीची भाकरी, लसूण आणि वर तुपाची धार. प्यायला ओवा-शेप टाकून उकळलेलं कोमट पाणी. जेवण झालं की वाटीत भाजलेलं मिश्रण येतं: बाळंतशेप, ओवा, तीळ, किसलेलं सुकं खोबरं, चवीपुरतं मीठ. हे चघळत बसायचं. बाळंतविडा घेऊन कुणी आलं तर त्यातही हीच मंडळी असतात. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात, तेव्हाही घरातली एखादी बाई जागी असते.

चैत्रात रामनवमीला देवळात सुंठवडा वाटतात, तोही याच खोलीतला. सुंठ, साखर, खोबरं, खसखस, कुठं ओवा, कुठं बडीशेप. दुपारी बाराला राम जन्मला, मग कौसल्येला जे द्यायचं तेच साऱ्या गावाला. जालना जिल्ह्यात याला आणखी एक अर्थ आहे, कारण समर्थ रामदासांचा जन्मही १६०८ मध्ये रामनवमीलाच घनसावंगी तालुक्यातल्या जांबला झाला. त्या दिवशी तळहातावर सुंठवडा घेणारा पुरुष बाळंतिणीचं खाणं खात असतो. हे त्याच्या लक्षात यायला हवं, असं फार वाटतं.

चीनमध्ये बाळंतपणानंतरच्या महिन्याला 'महिना बसणं' म्हणतात. बाईनं महिनाभर घराबाहेर जायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, वाऱ्यात बसायचं नाही, आलं आणि तिळाचं तेल घातलेलं गरम अन्न खायचं. आपल्याकडं सव्वा महिना, त्यांच्याकडं एक महिना. दोन्ही ठिकाणी सुनेला एरवी न मिळणारी एक गोष्ट या दिवसांत मिळते: कुणीतरी तिच्यासाठी चूल पेटवतं. पहाटे पाणी भरायचं नाही, शेण काढायचं नाही, कपाशी वेचायची नाही. 'तिला गार लागलं' हे कारण असं आहे की त्यापुढं सासऱ्यालाही बोलता येत नाही. नुसती विश्रांती मागितली असती तर मिळाली नसती. औषधाच्या नावानं मिळते. बाळंतशेपेची खरी ऊब तिथं आहे, असं या लेखकाला मनापासून वाटतं. कार्व्होन आपलं काम करत असेलच.

ते काम करतं का, हेही बघितलं पाहिजे. शेपेचं तेल एका इंग्रज औषधविक्रेत्यालाही भावलं होतं. विल्यम वुडवर्ड यानं १८५१ मध्ये नॉटिंगहॅममध्ये शेपेचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि थोडं अल्कोहोल मिसळून ग्राइप वॉटर तयार केलं. ती बाटली पुढं मराठी घरांत शिरली आणि लेकरांच्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर वाढल्या. ज्या खेड्यातल्या आजीकडं शेपेचं पाणी होतंच, तिलाही ते बाटलीतून विकलं गेलं. बडीशेपेच्या तेलाची तपासणी रशियात सेंट पीटर्सबर्गला झाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पोटदुखीनं सतत रडणारी १२१ तान्ही बाळं होती. बडीशेपेच्या तेलाचं मिश्रण मिळालेल्यांपैकी ६५ टक्के बाळांची तक्रार थांबली, औषधाविना नुसतं मिश्रण मिळालेल्यांपैकी साधारण २४ टक्के. आकडा आशादायक आहे, पण अभ्यास लहान आहे. शिवाय बडीशेपेत एस्ट्रागोल नावाचा घटक असतो आणि त्याच्या जास्त मात्रेबद्दल शंका आहेत, म्हणून युरोपातले औषध-नियामक चार वर्षांखालच्या मुलांना तिचं औषध देण्याची शिफारस करत नाहीत. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, हे तर आपल्या आशाताई दारोदार सांगत असतात. बंद खोलीतली धुरी बाळाच्या फुप्फुसाला झेपत नाही. शेगडी आता बाजेखालून निघायला हवी, आणि बऱ्याच घरांतून ती निघालीही आहे. शेप आईनं खावी, ओव्याच्या पुरचुंडीनं दुरून शेकावं, धूर नको. एवढं बदललं तर आजीचा मान कमी होत नाही.

खरी काळजी दुसरीच आहे. अंबड तालुक्यातून जायकवाडीचा डावा कालवा जातो आणि त्याच्या पाण्यावर इथं ऊस उभा राहतो. बीड-जालन्याच्या कोरडवाहू गावांतून मात्र दसऱ्यानंतर माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. ट्रॅक्टर, ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, शेळी, चूल, लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाची उचल त्या कोयत्यावर घेतलेली असते. बाई फडातच पोटुशी असते, फडातच बाळंत होते, आणि कोपीत दहा-पंधरा दिवस काढून डोक्यावर मोळी घेते, कारण पडलेल्या प्रत्येक खाड्याचे पैसे कापले जातात. २०१७ च्या दुरुस्तीनं कायद्यात बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली. टनावर मजुरी घेणाऱ्या या बाईपर्यंत त्यातला एकही आठवडा पोचत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न पुढं आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळी आली तर खाडा, दुखलं तर खाडा. ज्या ओटीपोटासाठी दोन देशांच्या वैद्यांनी उबेचे दाणे शोधून ठेवले, ते ओटीपोट कामात अडथळा ठरलं.

कोपीत बाळंतशेप नेता येते. पुडीला वजन नसतं. घरून निघताना म्हातारी सुनेच्या पेटीत ती ठेवतेही, फडक्यात बांधून, साखर-चहाच्या डब्याशेजारी. जे नेता येत नाही ते म्हणजे सव्वा महिना. लोटलेलं दार, पाणी तापवणारी बाई, 'पडून राहा' म्हणणारा आवाज हे काही किराणा दुकानात मिळत नाही. शेप मिळते दोन-पाच रुपयांना. सरकारनं आणि कारखान्यांनी मिळून ऊसतोड बाळंतिणीला सव्वा महिना बिनखाड्याचा दिला, तर या बियाचं औषध पहिल्यांदा पुरतं लागू पडेल. तो हिशेब अवघड असेल, पण अशक्य नाही; ऊस किती टन गाळला याचा हिशेब लागतो, तसा याचाही लागेल.

माघात वडीगोद्रीच्या आसपासच्या शिवारात हरभरा घाट्यावर येतो आणि ज्वारी निसवून उभी असते. वाफ्याच्या कडेला भाजीतून सुटलेली शेपूची दोन-चार झाडं एव्हाना वाळायला लागलेली असतात. ती कुणी मुद्दाम ठेवलेली असतात. म्हातारी सकाळी दव उतरल्यावर जाते, पिवळे पडलेले तुरे चिमटीनं खुडते आणि ओच्यात घेते. घरी आल्यावर ती ते सुपात चोळते, काड्या पाखडून टाकते, एक दाणा दाताखाली धरून बघते. मग रिकाम्या डब्यात भरून झाकण घट्ट लावते. लेकीला सातवा लागलेला असतो.